मेनफ्रेमच्या डिस्क व्हॉल्यूमचे टेप बॅकअप सकाळपर्यंत संपत नाहीत, आणखी ड्राइव्ह मागू का?

अजिबात मागू नका. तुम्ही लिहिलंय की ८ ड्राइव्ह आहेत, रात्री १२ ला सगळे फुल व्हॉल्यूम डंप (अख्ख्या डिस्क व्हॉल्यूमच्या टेपवरच्या कॉप्या) एकदम सुटतात आणि सीआयसीएस (दिवसाचे ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) वर यायची वेळ झाली तरी रांग उरलेलीच असते. हे वाचून राहवलं नाही, कारण ह्याच गोष्टीवरून माझं आमच्या लीडशी कायम वाजायचं.

पुण्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं स्टोरेज बघायचो. लीडचा हट्ट एकच, एक व्हॉल्यूम एक जॉब एक टेप, सगळे १२ ला सोडा, जेईएस, म्हणजे जॉबची रांग चालवणारा भाग, बघून घेईल. काय बघणार जेईएस? आमचा प्रत्येक डंप दोन कॉप्या काढायचा, एक इथली आणि एक व्हॉल्टला, म्हणजे बाहेरच्या सुरक्षित जागी, जाणारी, म्हणजे जॉबला दोन ड्राइव्ह लागणार. एका रात्री कन्सोलवर आयईएफ२३८डी ची, म्हणजे ड्राइव्ह मोकळा नाही, काय करू असं विचारणाऱ्या मेसेजची, रांग लागली, ऑपरेटर प्रत्येकाला वेट देत गेला आणि पुढच्या मेसेजला होल्ड (मिळालेला ड्राइव्ह न सोडता थांब), झालं, प्रत्येक जॉब एकेक ड्राइव्ह धरून दुसऱ्याची वाट बघत बसलेला, आठही ड्राइव्ह अलोकेटेड आणि टेप एकही हलत नाही. जॉब कॅन्सल केले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आणि सकाळच्या कॉलवर लीड क्लायंटला सांगतोय, ड्राइव्ह कमी पडतायत.

अहो, ३३९०-३ व्हॉल्यूम म्हणजे २.८ जीबी, ३५९२ टेपचं पहिलं कार्ट्रिजसुद्धा ३०० जीबीचं आणि ड्राइव्ह सेकंदाला ४० एमबी लिहिणारा. सव्वा मिनिटाच्या लिहिण्यासाठी दरवेळी माउंट, रिवाइंड, अनलोड कशाला? एका जॉबमध्ये ओळीने स्टेप लावा, जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचनांमध्ये) रिटेन देऊन, म्हणजे टेप न उतरवता, आणि लेबलचा नंबर वाढवत एकाच टेपवर स्टॅक करा. डंपला वेगळा जॉब क्लास, जॉब दोन ड्राइव्ह घेत असेल तर ८ ड्राइव्हला ४ इनिशिएटर (एका वेळी एक जॉब चालवणारी जागा), पाचवा उघडायचाच नाही. मोठे व्हॉल्यूम आधी, आणि एकाच रँकवरचे (स्टोरेजमधल्या डिस्कच्या एकाच गटावरचे) दोन एकाच वेळी नकोत. डीएसएसमध्ये (डंप काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ऑप्टिमाइझ ४ द्या, काही दिलं नाही तर तो एकेक ट्रॅक वाचतो आणि डेटा वेळेवर न आल्याने टेप थांबत-मागे जात राहते. कंप्रेस काढून टाका, ते ड्राइव्ह स्वतः करतो, तुम्ही फुकट सीपीयू जाळताय.

लीड गेल्यावर आम्ही हेच केलं, त्याच ८ ड्राइव्हवर, आणि डंप ऑनलाइनच्या आधी संपायला लागले.

हां, त्याचा एक मुद्दा खरा होता, स्टॅक केलेल्या टेपवरून रिस्टोअर एकामागून एकच होतं. पण तेवढ्यासाठी सिसरेस (सिस्टिम बूट होते ती डिस्क), कॅटलॉग (डेटासेट कुठे आहेत त्याची यादी) आणि डीबी२ डेटाबेसच्या लॉगचे व्हॉल्यूम वेगवेगळ्या टेपवर टाकले की पुरतं, अख्खं शेड्यूल कशाला नासवायचं? आणि तुमच्याकडे टीएस७७०० सारखी व्हर्च्युअल टेप (टेप असल्याचं भासवणारी डिस्क सिस्टिम) असेल तर स्टॅकिंगचं सोडून द्या, ते तीच करते, इनिशिएटरचं आणि ऑप्टिमाइझचं मात्र तिथेही बघा. ऑपरेटरला होल्डऐवजी नोहोल्ड (धरलेला ड्राइव्ह सोडून वाट बघ) द्यायला आजच सांगून ठेवा.