गाडीत रेडिओ लावताय? अँटेनाच्या आधी मायनस वायरचं ठरवा

तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींतून मी स्वतः गेलोय. तुम्ही नुकतेच हॅम (हौशी रेडिओ चालवणारे) झालात आणि गाडीत सेट बसवायचाय: नवीन व्हीयू३ कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारं ओळखनाव), ५० वॉटचा ड्युअल बँड, म्हणजे दोन बँडवर चालणारा सेट, सनरूफवाली छोटी एसयूव्ही. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो लायटरच्या सॉकेटवर लावून देतो, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी विसरा. आणि तुम्ही विचारताय, अँटेना कोणता घेऊ. अँटेनाचं सांगतो, पण नंतर. अँटेना चुकला तर फार तर रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) लागणार नाही. वायर चुकली तर गाडी पेटू शकते.

आधीच सांगतो, मी ऑटोमोबाईल इंजिनिअर नाही. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपुरतंच बोलतोय. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर यातलं काहीही करण्याआधी त्या गाडीचा माहीतगार माणूस गाठा. लायसन्स, बँडच्या मर्यादा, कॉलसाइन कधी सांगायचं वगैरे परीक्षेसाठी तुम्ही वाचलंच आहे, त्यात शिरत नाही.

लायटर सॉकेटचा विषय एका हिशेबात संपतो. ५० वॉटचा सेट पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यावर १० ते १२ अँपिअर ओढतो. सॉकेटपर्यंत येणारी वायर बारीक असते. १.५ चौरस मिलिमीटर धरली तर मीटरमागे साधारण १२ मिलिओहम रोध. जाऊन-येऊन १० मीटर झाले की ०.१२ ओहम, म्हणजे १० अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ दाखवत असेल तर सेटला मिळाले ११.२. गाडीत बसवायचे बहुतेक सेट १३.८ व्होल्टला, १५ टक्के कमी-जास्त, असे बनवलेले असतात. ११.७च्या खाली ते नीट चालतील याची कंपनीही हमी देत नाही. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. शिवाय सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि त्यावर चार्जर, डॅशकॅम आधीच टांगलेले असतात. हातात धरायचा छोटा सेट चार्ज करायला सॉकेट ठीक आहे, ५० वॉटला नाही. वायर थेट बॅटरीपासून ओढायची, आणि फ्यूज सेटपाशी नको, बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

आता मायनस. यावर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी लांब लिहिणार आहे.

सेटबरोबर येणाऱ्या पॉवर केबलला बहुतेक वेळा दोन्ही तारांवर फ्यूज असतात. माझ्या केबललाही होते. कार इलेक्ट्रिशियनने केबल लांबीला कापून बसवली आणि मायनसचा फ्यूज काढून टाकला. त्याचं म्हणणं, "मायनसला फ्यूज कोण लावतं? तेवढाच एक जोड कमी." काम दिसायला स्वच्छ होतं, दोन्ही तारा बॅटरीच्या टर्मिनलवर, अगदी सेटच्या मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे, आणि सेट उत्तम चालत होता. अँटेना डिकीच्या दाराच्या कडेला क्लॅम्पवर होता. या क्लॅम्पचे बारीक अ‍ॅलन स्क्रू रंग भेदून पत्र्यात रुततात, त्यामुळे कोअ‍ॅक्सची (अँटेनापासून सेटपर्यंतच्या केबलची) बाहेरची जाळी थेट बॉडीला जोडली जाते. एवढं ध्यानात ठेवा.

पुढे बॅटरी उतरली. वॉरंटीत होती, सर्व्हिस सेंटरने बदलून दिली. माझ्या गाडीत बॅटरीची मायनस केबल आधी बॉडीला बोल्टने बसते आणि तिथून दुसरी पट्टी इंजिनला जाते. बॅटरी बदलताना त्यांनी बॉडीवरचा बोल्ट सोडवला आणि परत आवळलाच नाही, नुसता हाताने फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर इंजिन कण्हत फिरलं, डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि सीटखालून प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला.

स्टार्टरला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो आणि तो बॅटरीकडे परत जायला बॉडीवरचा तो जोड असतो. जोड ढिला, म्हणून करंटने उरलेली वाट धरली. इंजिनकडून बॉडी, बॉडीतून डिकीचं दार, अँटेनाचा क्लॅम्प, कोअ‍ॅक्सची जाळी, सेटची बॉडी, सेटची मायनस वायर आणि शेवटी बॅटरीचं टर्मिनल. सेट तेव्हा बंद होता. बंद असून उपयोग नसतो, कारण या वाटेत स्विच कुठे लागतच नाही. मायनसचा फ्यूज असता तर तेवढाच उडाला असता.

आमच्या भागातले एक ज्येष्ठ हॅम दुपारी आले आणि आम्ही दाराखालची पट्टी उचलली. काळी वायर टोकापासून टोकापर्यंत मऊ होऊन कार्पेटच्या धाग्यांना चिकटली होती. तिच्या बाजूने गेलेली लाल वायर, दोन्ही एकत्र बांधल्या होत्या तेवढा भाग सोडला तर, कोरी करकरीत. प्लसचा फ्यूज शाबूत. कोअ‍ॅक्स कापून पाहिली तर आतलं पांढरं प्लास्टिक वितळून मधली तार जाळीला टेकलेली. सेट आतून शॉर्ट झाला असता तर पहिल्यांदा प्लसचा फ्यूज उडाला असता, हे तुम्हीसुद्धा सांगाल. आणि बॉनेटखाली तो बोल्ट बोटाने फिरत होता. कशालाही हात लावण्याआधी त्याचा व्हिडिओ काढला होता.

सर्व्हिस सेंटरने तो व्हिडिओ पाहिलासुद्धा नाही. अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडलं, रेडिओची वायर दिसली आणि "बाहेरून बसवलेल्या उपकरणामुळे शॉर्ट सर्किट" असं लिहून तो मोकळा झाला. मॅनेजरला फ्यूज हातात दिला, म्हटलं, हा बघा, शाबूत आहे, मग शॉर्ट कुठून आला? उत्तर एकच, "बाहेरचं काम आहे सर." कस्टमर केअरला मेल केला, त्यांनी तो उलट त्याच सेंटरला पाठवला आणि सेंटरने सांगितलेलं वाक्य मला परत आलं. इन्शुरन्सच्या सर्व्हेअरनेही तेच वाक्य उतरवलं. सेट गेला, दाराखालून जाणारं गाडीचं मूळ वायरिंग भाजलं, आणि सगळा खर्च खिशातून. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे, की एका माणसाने दहा नंबरचा पाना घेऊन तो बोल्ट एकदा ओढून पाहिला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं, आणि ते करायची कोणाचीच तयारी नव्हती. बॅटरी बदलल्याच्या जॉब कार्डवर "अर्थ केबल काढून बसवली" एवढं एक वाक्य असतं तरी मला भांडायला जागा होती. कार्डवर फक्त "बॅटरी रिप्लेस्ड" होतं.

म्हणून आता माझं ठाम मत सांगतो. काही जुने लोक याच्याशी सहमत नसतील, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

मायनस बॅटरीच्या टर्मिनलला जोडू नका. बॅटरीच्या जवळच बॉडीचा एक वेगळा, पक्का बोल्ट निवडा, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, वायरच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून बसवून दात्याच्या वॉशरसकट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीची केबल ज्या बोल्टवर बसते तो बोल्टसुद्धा नको, कारण तो ढिला झाला तरी दोन्ही थिंबल एकमेकांना टेकून राहतात आणि तुम्ही पुन्हा त्याच वाटेवर. दुसरं कारण नव्या गाड्यांचं आहे. तुमच्या गाडीत इंजिन सिग्नलला आपोआप बंद होत असेल तर बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा काळा सेन्सर असण्याची शक्यता दाट. बॅटरीतून किती करंट गेला-आला हे तो मोजतो. रेडिओची मायनस थेट टर्मिनलला लावली की तो करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि गाडीला बॅटरीची खरी स्थिती कळत नाही. काही कारणाने टर्मिनललाच लावावी लागली तर मायनसलाही फ्यूज हवाच, इलेक्ट्रिशियन काहीही म्हणो.

आणि कुठल्याही सर्व्हिसला गाडी देण्याआधी बॅटरीच्या आसपासच्या प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा. सेटचा प्लसचा फ्यूज काढून खिशात घाला, अँटेनाची कोअ‍ॅक्स सेटमागून काढून ठेवा. कोअ‍ॅक्स सुटी असली की बॉडीतून सेटमार्गे परत जायची वाटच तुटते. सेट लोखंडी पट्टीवर थेट बॉडीला आवळला असेल तर मात्र ती वाट शिल्लक राहते, तेव्हा तेही बघा. वॉरंटी जाईल म्हणतात ना, मग कुठल्या भागाची, कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. माझ्या ओळखीत जितक्यांनी लेखी मागितलं तितक्यांना आवाज खाली आलेला दिसला. अडलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण हातात कागद असू द्या.

वायर आत आणताना फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडू नका. मूळ हार्नेस जिथून जातो त्या रबरी ग्रोमेटमधून ताठ तार घालून ओढा. पिवळ्या कनेक्टरच्या, पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना अजिबात हात नाही. काचेशेजारच्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर कोअ‍ॅक्स त्याच्या पुढून किंवा वरून नेऊ नका. सेट सीटखाली ठेवणार असाल तर पंख्याला हवा मिळतेय आणि सीट मागेपुढे सरकताना वायर चिरडत नाही, हे दोन्ही बघा.

आता अँटेना. सर्वात चांगली जागा छताचा मध्य, यात वाद नाही. २ मीटर बँडचा (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) क्वार्टर वेव्ह, म्हणजे लहरीच्या पाव लांबीचा अँटेना, साधारण ४९-५० सेंटीमीटरचा असतो आणि त्याला चारी बाजूंनी जवळपास तेवढाच पत्रा मिळाला की तो उत्तम चालतो. माणसं पत्र्याखाली बसतात, त्यामुळे ५० वॉटचं रेडिएशन थेट त्यांच्या अंगावर येत नाही, हाही फायदा. पण तुमच्याकडे सनरूफ. काच मोठी असेल तर मागे जी पत्र्याची पट्टी उरते तिच्यावर मॅग्नेट माउंट ठेवा. पट्टी अगदीच अरुंद असेल तर डिकीच्या क्लॅम्पवर ग्राउंड प्लेन (खाली पत्र्याचा आधार) न लागणारा हाफ वेव्ह (अर्ध्या लहरीचा) अँटेना घ्या, आणि डिकीच्या दारापासून बॉडीपर्यंत जाळीची एक रुंद पट्टी जोडा, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. अँटेना ट्यून करताना डिकी बंद हवी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) १.५च्या आत आला की थांबा, त्याखाली जाण्यासाठी दिवस घालवू नका. पाच-आठांश वेव्हचा लांब अँटेना दिसायला झोकदार असतो, पण मॉलच्या बेसमेंटमध्ये तो प्रत्येक बीमला आपटतो आणि घाटात मला त्याने फार काही जास्त दिलं नाही. अर्थात हे माझ्या गाडीपुरतं.

मॅग्नेट असेल तर अधूनमधून उचलून खालचा पत्रा पुसा. कोकणातल्या पावसात मॅग्नेटखाली धूळ-पाणी साचून रंग जातो. कोअ‍ॅक्स दाराच्या रबरातून आत घेताना बाहेर एक झोका ठेवा, पाणी तिथूनच खाली गळून जाईल.

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या गाडीत सतत सुं-सुं आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाजाचा सूर चढत असेल तर अल्टरनेटर, आणि बहुधा वायर चुकीच्या ठिकाणाहून घेतली आहे. सूर बदलत नसेल तर आधी डॅशकॅम आणि यूएसबी चार्जरची पिन काढून पाहा. २ मीटरवर स्वस्त डॅशकॅमचा चार्जर इतका गोंगाट करतो की लोक उगाच सेट बदलतात. त्याच्या वायरवर फेराइटचे क्लिप चढवा, नाही गेला तर चार्जर बदला.

गाडी चालवताना माइक शेजारच्याला द्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये हातात धरायचं संपर्क उपकरण वापरत गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, आणि रेडिओचा माइक त्यात बसतो की नाही हा वाद नाक्यावर उभं राहून घालण्यात अर्थ नाही. लायसन्सची प्रत गाडीत ठेवा. सेट १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या बाहेर ट्रान्समिट करत असेल तर ते आधी बंद करून घ्या. तपासणीत सेट हातात घेणारा माणूस पहिल्यांदा तेच बघतो.

वायर, थिंबल काही विकत घेण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीच्या मायनस टर्मिनलचा आणि ती केबल बॉडीला जिथे बसते त्या बोल्टचा, असे दोन फोटो इथे टाका. सेन्सर आहे का आणि शेजारी वापरता येण्यासारखा बोल्ट कुठला, ते बघून सांगतो.