सर्व्हिसिंगहून आणलेल्या गाडीचा ब्रेक खाली जातोय. ‘पॅड सेट होतील’ म्हणतात. चिखलदऱ्याला न्यावी का?

तुम्ही लिहिलंय की परवा गाडीची सर्व्हिसिंग झाली, पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकले, आणि तेव्हापासून ब्रेक आधीपेक्षा बराच खाली जातोय. वर्कशॉपवाले म्हणतात, दोनशे किलोमीटरात सेट होईल. शनिवारी नागपूरहून मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जायचंय, तर जावं का?

नका जाऊ. चिखलदऱ्याला जायचंच असेल तर दुसऱ्या गाडीनं जा. आणि ही गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलांच्या शाळेपर्यंतसुद्धा नेऊ नका.

नवीन पॅड सेट व्हायला वेळ लागतो, हे खरं आहे. पण सेट होतो तो पॅडचा पृष्ठभाग, डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर) घासून घासून. तोवर पकड जरा कमी असते, पाय थोडा जास्त दाबावा लागतो. पेडल खाली जाणं ही निराळी गोष्ट आहे. तुमच्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोचायच्या आतच वाटेत कुठेतरी जिरतोय, असा त्याचा अर्थ. गाडी चालवून हे दुखणं बरं होत नाही. परतवाड्याच्या पुढे घाट लागला की ते वाढेल.

पॅड बदलताना काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वर्कशॉपमध्ये नेमकं बोलता येईल. जुना पॅड झिजून पातळ झालेला असतो आणि कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन तेवढा बाहेर आलेला असतो. जाड नवीन पॅड बसवायचा तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. पॅड बसल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल दहा-बारा वेळा दाबून पिस्टन पुन्हा पॅडला टेकवायचा असतो. हे राहिलं तर पहिला ब्रेक सरळ खाली जातो. तसं असतं तर चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर तुमचं पेडल वर येऊन तिथेच राहिलं असतं. दोन दिवसांनंतरही ते खालीच जातंय, म्हणजे बहुधा एक तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या भागातलं) रबर गेलंय.

घरीच बघता येईल. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबा. दाबत गेलं की वर येतंय, पण जरा थांबून पुन्हा दाबलं तर परत मऊ लागतंय, तर बहुधा हवा आहे. एअर नीट काढलेली नाही. आता पेडल दाबून तसंच धरून ठेवा. पाय स्थिर असताना ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. शेवटी पेडल दाबलेलंच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर घाबरू नका, बूस्टर (इंजिन चालू असताना पेडल हलकं करणारा भाग) असलेल्या गाडीत ते व्हायलाच हवं. न थांबता जात राहिलं, तर गाडी स्वतः चालवत नेऊ नका, टो करून न्या.

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १९ वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. आमच्याकडे एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते : नीट चालणारी मशीन मेंटेनन्सनंतर सुरू करतो, तेव्हा सगळे जण जरा लांब उभे राहतात. जिथे माणसाचा हात लागलाय, तिथे चुकीला जागा असते. गाडीचंही तसंच आहे. पण गाडी सर्व्हिसिंगहून आली की आपण उलट निर्धास्त होतो आणि लांबच्या प्रवासाला निघतो. लांब जायचं असतं म्हणूनच तर सर्व्हिसिंग केलेली असते.

हे मी २०१७ साली स्वतः अनुभवलं. टायर रोटेशन आणि अलाइनमेंट करून दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन वर्ध्याला निघालो होतो. बुटीबोरी मागे टाकली आणि मागून आवाज यायला लागला, डब्यात खडे हलवल्यासारखा. टायरमध्ये गिट्टी अडकली असेल असं मला वाटलं. आई मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, ‘अरे, गाडी जोरात असली की नाही वाजत. हळू झाली की वाजून राहिलं.’ तिचं ऐकून एका ढाब्यापाशी गाडी घेतली. डाव्या मागच्या चाकाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर त्यातून दोन नट माझ्या हातात पडले. गाडी वेगात असताना ते कव्हरच्या कडेला चिकटून फिरत होते, वेग कमी झाला की घरंगळत होते. चार नटांपैकी उरलेले दोन बोटांनी फिरत होते. आईनं ते नट माझ्या हातातून घेतले आणि कितीतरी वेळ तशीच बघत बसली.

नंतर त्या वर्कशॉपमध्ये गेलो. चाक बसवणारा पोरगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. खोटं बोलला नाही तो. गाडी जॅकवर असताना नट हातानं फिरवून लावले, तेवढ्यात कुणीतरी दुसरी गाडी हलवायला बोलावलं. परत आला तेव्हा नट लावलेले दिसले, म्हणून जॅक उतरवला. एवढंच झालं होतं. त्याच्या अंगावर त्या वेळी तीन गाड्या होत्या आणि शेवटचा हात फिरवून बघणारं कुणी नव्हतं. मी त्या पोरावर चिडू शकलो नाही. अर्धवट सोडलेलं काम आणि पूर्ण झालेलं काम बाहेरून सारखंच दिसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या कारखान्यात नट टाइट झाला की त्यावर पांढऱ्या पेंटची रेघ मारतात. रेघ नाही तर काम झालेलं नाही. पेंटच्या एका डबीचा खर्च आहे तो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये १९९० सालचं एक उदाहरण सांगतात. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान सुमारे १७ हजार फुटांवर असताना कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टन वाचला. ती काच उड्डाणाच्या साधारण २७ तास आधीच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते, फरक पाऊण मिलिमीटरही नव्हता. नवीन बोल्ट जुन्याशी डोळ्यांनीच जुळवून घेतले होते. अनुभवी माणसानं, नेहमीचं काम करताना.

तुमच्याकडे परत येतो. पॅड बदलताना ब्रेक ऑइलही बदललं किंवा वरून टाकलं का, हे जरूर विचारा. आमच्या मनीषनगरच्या शेजारच्या काकांच्या गाडीत कुणीतरी ब्रेक ऑइलच्या डब्यात पॉवर स्टीअरिंगचं ऑइल टाकलं होतं. डबे शेजारीशेजारी असतात, रंगही कधी कधी फसवतो. ब्रेक सिस्टिममधली रबरं फक्त ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात, दुसरं तेल लागलं की फुगतात. फुगलेल्या रबरानं तेल परतायचा रस्ता बंद होतो आणि पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो. काकांना आठवड्याभरात गाडी जड वाटायला लागली, मग एका सिग्नलला चाकांतून जळका वास आला. मास्टर सिलिंडर, कॅलिपरची रबरं, होज, सगळं बदलावं लागलं. नशीब की ब्रेक आधी जाम झाले, गेले नाहीत.

ऑइल बरोबर असलं तरी जुनं चालत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट-४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उताराला सतत ब्रेक दाबत राहिलं की ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ ऑइलसारखी नसते, दाबली की आकसते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. बिलावर ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ लिहिलं असेल तर ते बदलणं नव्हे.

गाडी ताब्यात घेताना पायाखालचा मॅटही बघत जा. सर्व्हिसिंगवाले कागद अंथरतात, मॅट काढून धुतात आणि कसाही परत टाकतात, कधी दुसऱ्याच गाडीचा. २८ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ लेक्सस गाडीतल्या चार जणांचा जीव गेला. गाडी डीलरनं तात्पुरती वापरायला दिली होती, आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलचा रबरी मॅट होता. अॅक्सिलरेटर त्यात अडकला आणि गाडी थांबलीच नाही. चालवणारे हायवे पोलीस दलातले होते, म्हणजे गाडी चालवायचं शिक्षण झालेला माणूस. त्यानंतर टोयोटानं मॅट आणि पेडलसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण लोकांचा यात घोळ होतो. ब्रेक खाली गेला तर पेडल भराभर दाबत राहायचं, गिअर एकेक करून खाली आणायचा आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. अॅक्सिलरेटर अडकला तर उलट : गाडी न्यूट्रल करायची आणि ब्रेक एकदाच जोरात दाबून धरायचा. तिथे पुन्हा पुन्हा दाबला तर बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. दोन्ही वेळी चावी काढायची नाही, स्टीअरिंग लॉक होईल.

घरात टू-व्हीलरही असेलच, नागपुरात कुणाकडे नाही. तिच्या सर्व्हिसिंगनंतर टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर पॉलिश मारलेलं नाही ना, ते बघा. चमकवायच्या नादात मारतात, आणि पहिल्याच वळणावर गाडी सरकते. चेन धुताना डिझेल मागच्या ड्रममध्ये गेलं की ब्रेक शू पकडत नाही. इंजिन ऑइल बदललं असेल तर दहा मिनिटं गाडी चालवून खाली कागद ठेवा. ड्रेन बोल्ट ढिला असला तर थेंब दिसतील, आणि ते उडतात मागच्या टायरवर.

कारमध्ये चाकं काढली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. समोरासमोरचे आळीपाळीनं टाइट करायचे, आणि शक्यतो टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं. किती टाइट, ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. एअर गननं ताणून लावलेल्या नटाचे आटे जातात, आणि पंक्चर झालं की आपल्याच्यानं तो खुलत नाही. समृद्धीवर १२० च्या वेगानं जाताना गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. तिथे आवाज ऐकून ढाबा शोधायला वेळ नसतो.

आता वर्कशॉपशी कसं बोलायचं. ‘ब्रेक बघून द्या’ एवढं म्हणू नका. जॉब कार्ड (गाडीच्या कामाची नोंद असलेला वर्कशॉपचा कागद) नव्यानं उघडायला लावा, त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : पॅड बदलल्यापासून पेडल खाली जातं. ‘सेट होईल’ म्हणत असतील तर तेच जॉब कार्डवर लिहून सही करून द्या म्हणा. माझ्या अनुभवात सहीची वेळ आली की गाडी लिफ्टवर चढते. दुरुस्तीनंतर टेस्ट ड्राइव्हला त्यांच्या माणसाला शेजारी बसवा. तरीही टाळलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि सर्व्हिसिंगचं बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. बिल, जॉब कार्ड आणि तुमचे मेसेज जपून ठेवा.

आज मात्र एक काम करा. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबा बघा. नवीन जाड पॅड टाकले की पिस्टन मागे जातात, त्यामुळे ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या आसपास हवी. ती बरीच खाली असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय, मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते बघा. झाकण काढून त्यातलं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल, नीट परत बसत नसेल, तर चुकीचं तेल गेलंय आणि गाडी सुरूही करू नका. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. पातळी कुठे आहे आणि रबर कसं दिसतंय ते इथे लिहा, मी रात्री बघतो.