वाचकांचे प्रश्न : एका घरातले गेम, सहा जणांचा हिशेब

प्रश्न : माझ्या मुलाने, तो आता एकोणीस वर्षांचा आहे, गेल्या चार वर्षांत स्वतःच्या खाऊच्या आणि दिवाळीच्या पैशांतून स्टीम या संगणकावरील गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून चाळीसेक गेम विकत घेतले आहेत. चौदा वर्षांच्या धाकट्या मुलीलाही त्यातले काही खेळायचे असतात. मुलाने आपला पासवर्ड तिला आणि पुण्याच्या मावसभावालाही देऊन ठेवला आहे. एकाने गेम सुरू केला की दुसऱ्याच्या पडद्यावर ‘हे खाते अन्य संगणकावर वापरात आहे’ अशी सूचना येते आणि मग फोनवर भांडण होते. न्यू जर्सीत असलेले माझे दीरही ‘मलाही तुमच्यात घ्या’ म्हणतात. हे सगळे रीतसर करता येईल का?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : येईल, मात्र सर्वांसाठी नाही. पहिली गोष्ट म्हणजे पासवर्ड आजच बदलून घ्या. खाते एकट्याच्या नावावर असते आणि पासवर्ड दुसऱ्याला देणे स्टीमच्या अटींत बसत नाही. शिवाय त्या खात्यात काही गडबड झाली तर चाळीसच्या चाळीस गेम अडकतात. मुलीने स्वतःचे वेगळे खाते उघडावे. स्टीमवर त्यासाठी किमान तेरा वर्षे वय लागते, तेव्हा तिथे अडचण नाही.

यानंतर ‘स्टीम फॅमिलीज’ ही सोय वापरावी. मार्च 2024 मध्ये ती चाचणीसाठी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांना खुली झाली. एका कुटुंबात जास्तीत जास्त सहा जण असू शकतात आणि प्रत्येकाचे गेम इतरांच्या यादीत दिसू लागतात. खेळणाऱ्याची प्रगती आणि त्याने मिळवलेली पदके ज्याच्या त्याच्या खात्यात राहतात, त्यामुळे धाकटीने दादाचा अर्धवट गेम बिघडवला ही तक्रार उरत नाही. 2013 पासून चालत आलेल्या जुन्या सोयीत एक जण खेळायला बसला की मालकाची संपूर्ण यादीच इतरांसाठी बंद होत असे. आता दोघे वेगवेगळे गेम एकाच वेळी खेळू शकतात. मात्र एकाच गेमवर दोघांचा जीव जडला, तर घरात त्याच्या दोन प्रती घेतलेल्या असाव्या लागतात.

वडोदऱ्याच्या वाचकांना हे समजावून सांगायला फारसे कष्ट नकोत. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि गावोगावी फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांची व्यवस्था लावली, तिथेही एक प्रत बाहेर गेली की ती परत येईपर्यंत दुसऱ्याला थांबावेच लागते. फरक इतकाच की पुस्तक कोणाला द्यायचे हे ग्रंथालय ठरवते, आणि गेमच्या बाबतीत मात्र ते दुकान ठरवते.

आता सहा जागा कोणाला द्यायच्या, हा प्रश्न. ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, असे स्टीम स्पष्ट सांगते, आणि सर्वांची खाती एकाच देशाच्या दुकानाशी जोडलेली असावी लागतात. त्यामुळे न्यू जर्सीच्या दिरांना नम्रपणे नाही म्हणावे लागेल. पुण्याच्या मावसभावाचे दुकान भारताचेच असले, तरी तो तुमच्या घरात राहत नाही. माझ्या मते त्याला बाहेरच ठेवावे. यामागे माझा कद्रूपणा नाही. कुटुंबातून कोणी बाहेर पडला, तर तो सामील झाल्याच्या दिवसापासून वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही, आणि त्याची रिकामी जागाही तुम्हाला तेवढा काळ दुसऱ्या कोणाला देता येत नाही. उद्या मावशीने आपल्या घरचे कुटुंब तयार करायचे ठरवले, तर तो तुमच्याकडे अडकलेला असेल.

याहून गंभीर कलम आणखी एक आहे आणि ते बहुतेक लोक वाचत नाहीत. तुमच्या मुलाची प्रत वापरताना कुटुंबातल्या कोणी ऑनलाइन खेळात लबाडी केली आणि तो पकडला गेला, तर त्या गेममध्ये बंदी खेळणाऱ्यावर तर येतेच, पण प्रतीच्या मालकावरही येते. मावसभाऊ सज्जन असेल. त्याचे होस्टेलवरचे मित्र कसे आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही.

मुलीचे खाते ‘मूल’ म्हणून जोडावे आणि तुम्ही ‘प्रौढ’ म्हणून आत यावे, मुलावर सोपवू नये. मग तिने कोणते गेम खेळावेत, रोज किती वेळ खेळावे हे तुम्हाला ठरवता येते. तिला नवा गेम हवा असेल तर ती विनंती पाठवते आणि तुम्ही फोनवरून पैसे भरून मान्यता देता. परीक्षेच्या आठवड्यात वेळेची मर्यादा घालताना तिच्याशी आधी बोलून घ्या, एवढे मी अनुभवाने सांगते.

सगळे चाळीस गेम तिच्या यादीत दिसतील असे समजू नका. काही निर्मात्यांनी सामायिक करण्यास परवानगी दिलेली नाही, आणि ज्या गेमना दुसऱ्या कंपनीचे खाते किंवा वर्गणी लागते तेही वगळले जातात. गेमच्या दुकानातील पानावर ‘फॅमिली शेअरिंग’ असा उल्लेख आहे का, हे घेण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : मी निवृत्त आहे आणि विमान चालवण्याच्या गेमचा माझ्याकडे बराच संग्रह आहे. तो मृत्युपत्राने नातवाला देता येईल का?
– एक आजोबा, रावपुरा, वडोदरा

उत्तर : स्टीमच्या अटींनुसार खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपण पैसे देऊन वस्तू नव्हे, तर खेळण्याचा परवाना घेतलेला असतो, आणि ऑक्टोबर 2024 पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच तसे लिहून दाखवते. नातू तुमच्याच घरात राहत असेल, तर त्याला आजच कुटुंबात घ्या आणि दोघे मिळून उड्डाण करा. यापुढची खरेदी जिओजी (GOG) या ऑनलाइन दुकानातून करण्याचाही विचार करावा. तिथल्या गेमची, तो संगणकावर बसवण्याची फाइल (इन्स्टॉलर) उतरवून डिस्कवर ठेवता येते आणि ती चालवताना दुकानाची परवानगी दर वेळी लागत नाही.