वाचकांचे प्रश्न : छाती भरली, पण सळई वाकेना

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून सहा वर्षे नियमित व्यायाम करतो. बेंच प्रेसला १०० किलो वजन उचलतो आणि पुल-अप्सही सलग पंधरा होतात. आमच्या गावातील एक मित्र मल्लखांब आणि मुद्गल (गदेसारखे जड लाकडी साधन) करतो. त्याचे वजन जेमतेम ६४ किलो आहे. तो ६ मिलिमीटर जाडीचा, १५ सेंटिमीटर लांबीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) चामड्याच्या पट्टीत गुंडाळून हातांनी दुमडतो. मला मात्र तो किंचितही वाकवता आला नाही. छाती, खांदे आणि पाठ यांच्या ताकदीचा या कामाशी काहीच संबंध नाही का? बेंच प्रेस सोडून द्यावा का? घराच्या बांधकामातून उरलेल्या ८ मिलिमीटरच्या टीएमटी सळईवर सराव केला तर चालेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या ताकदीचा संबंध नक्कीच आहे, मात्र ती सळईपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर मनगट उभे आहे, आणि मनगट जेवढे सोसू शकते तेवढीच ताकद पुढे जाते.

बेंच प्रेस करताना दांडा तळहातावर, हाताच्या हाडाच्या रेषेत टेकलेला असतो. भार हाडातून थेट खाली उतरतो, त्यामुळे मनगटाला स्वतः फारसे काही पेलावे लागत नाही. पुल-अप्समध्ये बोटे घट्ट मिटावी लागतात, पण तेथेही मनगट सरळ रेषेत लोंबते. आखूड सळई वाकवताना याच्या उलट घडते. दोन्ही मुठी जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या असतात. प्रत्येक मुठीची एक कड सळईला एका दिशेने रेटते आणि दुसरी कड विरुद्ध दिशेने खेचते. या दोन बलांमधले अंतर तळव्याच्या रुंदीएवढेच, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर असते, आणि त्यातून निर्माण होणारा सगळा पीळ मनगटावर येतो. सहा वर्षांच्या आपल्या व्यायामात मनगटाने असा पीळ बहुधा कधी सोसलेला नाही. आपल्या मित्राच्या मनगटाने तो रोज सोसला आहे, कारण मुद्गल फिरवताना वजन मुठीपासून दूर असते आणि प्रत्येक फेऱ्यात ते मनगटाला मोडू पाहते.

दुसरी गोष्ट पोलादाच्या स्वभावाची आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत जोर लावला तर पोलाद किंचित लवते आणि हात सैल होताच पूर्ववत सरळ होते; ती मर्यादा ओलांडली तरच कायमचा वाक पडतो. म्हणून आवश्यक जोराच्या नव्वद टक्के जोर लावणाऱ्याच्या हातातही शेवटी सरळच सळई राहते. आपण किती जवळ पोहोचला होता हे त्या सळईकडे पाहून कळणार नाही, तेव्हा या एका अनुभवावरून निराश होऊ नये.

छाती आणि खांदे खऱ्या अर्थाने कामाला लागतात ते पुढच्या टप्प्यावर. पहिला वाक पाडणे हे मुख्यतः मनगटाचे आणि पंजाचे काम आहे. तेथून काटकोनापर्यंत नेताना दंड, खांदे आणि पाठ साथ देऊ लागतात. शेवटी दोन्ही टोके एकमेकांजवळ आणायची असतात, तेव्हा तळवे समोरासमोर येतात आणि छातीपुढे दाबायचे असतात. येथे छातीचे स्नायू निर्णायक ठरतात. शिवाय वाकलेल्या जागी पोलाद अधिक कठीण झालेले असते. उत्तम मनगटाचा पण दुबळ्या छातीचा माणूस सळई इंग्रजी ‘व्ही’च्या आकारापर्यंत आणून तेथेच अडकतो. म्हणून बेंच प्रेस सोडू नका, असेच मी सांगेन. सळई जसजशी लांब होते, तसतसे मनगटाचे महत्त्व कमी होते. मीटरभर लांबीचा गज मांडीवर किंवा मानेमागे टेकवून वाकवताना पाठ, खांदे आणि छातीच मुख्य काम करतात.

या कलेतील जुन्या नावांकडे पाहिले तरी मनगटाचे हे महत्त्व दिसते. अमेरिकेत ‘मायटी अ‍ॅटम’ म्हणून गाजलेले जो ग्रीनस्टाइन (१८९३–१९७७) अंगाने लहानखुरे होते, तरी ते घोड्याचे नाल आणि जाड खिळे वाकवून दाखवीत. त्यांचे शिष्य स्लिम फार्मन लांब दांड्याचे जड घण केवळ मनगटाच्या बळावर कलते करून पुन्हा उभे करण्यासाठी प्रसिद्ध झाले. व्हिल्नियसला जन्मलेले अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) न हलणाऱ्या साखळीवर ओढ देऊन व्यायाम करीत आणि स्नायूंच्या घेरापेक्षा कंडरांच्या (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) बळाला अधिक मानीत.

टीएमटी सळईपासून मात्र तूर्त दूर राहा. गोल सळई वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६ ऐवजी ८ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ २.४ पट जोर. त्यात ‘एफई ५००’ दर्जाच्या टीएमटीची, म्हणजे बांधकामातील पीळदार सळईची, कायमचा वाक पडण्याची किमान मर्यादा साध्या मऊ पोलादाच्या दुप्पट असते. म्हणजे ६ मिलिमीटरच्या मऊ सळईच्या तुलनेत हे काम पावणेपाच पटींच्या घरात जाते, शिवाय तिच्या उंचवट्यांनी हात सोलवटतात ते वेगळेच. ब्राइट बारही थंड अवस्थेत ओढून काढलेला असल्याने मऊ सळईपेक्षा कठीण असतो. आपण ६ मिलिमीटरची साधी मऊ सळई १८ सेंटिमीटर लांब कापून घ्या, जाड चामड्यात गुंडाळा आणि तिच्यापासून आरंभ करा. ती सहज दुमडू लागली की लांबी एकेक सेंटिमीटरने कमी करा. लांबी घटली की काम आपोआप कठीण होते. कानस किंवा ड्रिलचा बिट यांवर कधीही प्रयोग करू नये, कारण ते वाकत नाहीत, तुटतात आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो.

जोडीला हलका मुद्गल घ्या, आणि घणाचा दांडा टोकाकडे धरून तो मनगटाने पुढे-मागे सावकाश कलता करा. सळईचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे. कंडरा स्नायूंपेक्षा फार सावकाश बळकट होतात. कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागले तर ते दुखणे पूर्ण थांबेपर्यंत सळई हातात घेऊ नका.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा मोबाइलवर पाहून खिळे वाकवण्याचा प्रयत्न करतो. मनगट दुखते असे म्हणतो, पण ऐकत नाही. काय करावे?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, हे आत्ताच थांबवा. या वयात मनगटाजवळच्या हाडांच्या वाढीच्या पट्ट्या मिटलेल्या नसतात आणि वारंवार पडणारा पीळ नेमका त्यांनाच इजा करू शकतो. दुखणे आठवड्याभरात गेले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलाला नुसते ‘नको’ म्हटल्याने तो लपून करील, म्हणून त्याची हौस दुसरीकडे वळवावी. दुखणे थांबल्यावर सूर्यनमस्कार आणि जोर यांपासून सुरुवात करू द्या आणि जवळ चांगले प्रशिक्षक असतील तर दोरीच्या मल्लखांबाला घाला. सळईचा विचार अठराव्या वर्षानंतर करू, असे त्याला माझ्या वतीने सांगा. तोपर्यंत मिळवलेली पकड तेव्हाही त्याच्याजवळच असेल.