जुना राज्य महामार्ग नगरपरिषदेकडे येताना

प्रश्न : आमच्या शहराला बाह्यवळण रस्ता झाल्यापासून जड वाहतूक बाहेरून जाऊ लागली आहे. शहरातून जाणारा राज्य महामार्गाचा जुना, सुमारे साडेचार किलोमीटरचा भाग नगरपरिषदेने ताब्यात घ्यावा, असे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाकडून आले असून पुढच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव येणार आहे. काही सदस्यांचे म्हणणे असे की रस्ता एकदा आपल्या मालकीचा झाला की दुभाजक, दिवे, फेरीवाल्यांच्या जागा हे सारे आपल्यालाच ठरवता येईल. काहींना वाटते की खड्डे तेवढे आपल्या गळ्यात पडतील. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, नगरपरिषद क्षेत्र)

उत्तर : या चर्चेत ‘मालकी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

राज्य महामार्ग हा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली शासनाने महामार्ग म्हणून जाहीर केलेला रस्ता असतो. तो जाहीर करण्याचा अधिकार शासनाचा असल्यामुळे त्याचा दर्जा काढून घेण्याचा, म्हणजे कार्यालयीन भाषेत तो ‘अवर्गीकृत’ करण्याचा अधिकारही शासनाचाच असतो. सभेचा ठराव ही नगरपरिषदेची संमती असते; निव्वळ ठरावाने रस्ता हस्तांतरित होत नाही. ‘चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने रस्ते शहरांचेच झाले आहेत’ असेही सभांमधून ऐकू येते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा विषय आहे हे खरे, परंतु त्या यादीतील कामे राज्याने कायद्याने सोपवायची असतात. ती आपोआप सोपवली जात नाहीत.

रस्ता हाती आल्यावर तो नगरपरिषदेत ‘निहित’ होतो, असे कायदा म्हणतो. घरमालक आपल्या जागेचा मालक असतो तशी ही मालकी नव्हे. रस्ता रस्ता म्हणून वापरात ठेवण्यासाठी जेवढा पृष्ठभाग आणि जेवढी खोली लागते तेवढ्यापुरताच हा हक्क असतो. उत्तर प्रदेशातील (आता उत्तराखंडात असलेल्या) मंगलौर येथील नगरपालिकेला रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत पुतळा, पाणपोई आणि वाचनालय उभारायचे होते. १९६० च्या दशकात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा रस्त्याच्या देखभालीशी संबंध नसलेले बांधकाम त्या जागेवर करण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही, असा निर्णय झाला. हेतू चांगला असूनही ती परवानगी मिळाली नाही, हे आपल्या सदस्यांनी लक्षात घ्यावे. साइडपट्टीवर गाळे काढून भाडे मिळवू, असे कोणाच्या मनात असेल तर तो विचार आताच सोडलेला बरा. फेरीवाल्यांच्या जागाही केवळ सभेच्या इच्छेने ठरत नाहीत. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण आणि पथविक्रेता समिती यांच्या मार्गानेच ते करावे लागते. दुभाजक, दिवे, पदपथ आणि रस्ता खोदाईची परवानगी या बाबी मात्र खरोखरच आपल्या हाती येतील. आज जलवाहिनी फुटली तर खोदकामाच्या परवानगीसाठी उपविभागीय कार्यालयात खेटे घालावे लागतात, ते थांबेल आणि नागरिकांना हा फरक लगेच जाणवेल.

आता खड्ड्यांविषयी. मी नोकरीची बरीच वर्षे रस्त्यांच्या कामांवर काढली. एका छोट्या शहरातले असेच हस्तांतरण मी जवळून पाहिले आहे. ताबा पावतीवर फक्त ‘किलोमीटर अमुक ते किलोमीटर तमुक’ एवढेच लिहिले होते. त्या लांबीत ओढ्यावरची एक जुनी दगडी मोरी होती. तिचा उल्लेख कुठल्याच कागदावर नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या एका बाजूचा भराव वाहून गेला आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी, सायकलसह माणूस आत जाईल एवढे भगदाड पडले. रस्ता दिला म्हणजे मोरीही दिली, असे एका कार्यालयाचे म्हणणे. तर आम्ही डांबरी पृष्ठभाग घेतला, मोरी घेतलीच नाही, असे दुसऱ्याचे. दोन पावसाळे पत्रव्यवहार चालला आणि तोवर त्या भगदाडाभोवती नगरपरिषदेची दोन पिंपे आणि एक लाल फडके एवढाच बंदोबस्त होता. शाळेची मुले रोज तिथून जात. या आठवणीमुळेच हे उत्तर मी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

म्हणून ठरावापूर्वी आपल्या अभियंत्यांनी आणि विभागाच्या शाखा अभियंत्यांनी मिळून रस्ता पायी चालावा, गाडीतून नव्हे, आणि शक्यतो भर पावसात, कारण पाणी कुठे तुंबते हे उन्हाळ्यात दिसत नाही. प्रत्येक मोरी, पूल, संरक्षक भिंत, गटार आणि झाड यांची नोंद छायाचित्रांसह संयुक्त पाहणी अहवालात यावी. पुलांची संरचनात्मक तपासणी विभागाने हस्तांतरणापूर्वीच करून द्यावी, असा आग्रह धरा. पूल दुरुस्तीचा खर्च एखाद्या ‘क’ वर्ग, म्हणजे लहान नगरपरिषदेच्या वर्षभराच्या रस्तेनिधीलाही पेलवत नाही. रस्त्याच्या जागेची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून हद्द कायम झाली पाहिजे, नाहीतर अतिक्रमण रस्त्याच्या जागेत आहे की खासगी जागेत, हा वाद आपल्या माथी येईल.

दोन गोष्टी सहसा विसरल्या जातात आणि त्या खड्ड्यांपेक्षा महाग पडतात. पहिली म्हणजे भूसंपादनाचे दावे. रस्ता रुंद करताना पूर्वी ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांचे वाढीव मोबदल्याचे दावे न्यायालयात प्रलंबित असतील, तर ते दायित्व शासनाकडेच राहील, असे हस्तांतरणाच्या आदेशात स्पष्ट शब्दांत असावे. दुसरी म्हणजे ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी. अलीकडेच डांबरीकरण झाले असेल, तर ठरलेल्या मुदतीत बिघडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पण करार विभागाशी झालेला असल्याने नगरपरिषदेच्या पत्राला तो दाद देत नाही. तो हक्क नगरपरिषदेच्या वतीने विभागच बजावील, अशी नोंद करून घ्या.

निधीबाबत माझे मत स्पष्ट आहे: रस्ता सुस्थितीत आणून द्यावा किंवा त्यासाठी लागणारी रक्कम आधी वर्ग करावी, या अटीशिवाय ठराव करू नये. राष्ट्रीय महामार्गाचा जुना भाग बाह्यवळणानंतर राज्याकडे देताना केंद्र एकदाच सुधारणा करून देते. तोच न्याय राज्याने शहरांना द्यावा, असे म्हणण्यात काहीच गैर नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचा मोठा हिस्सा पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता, त्यातून रस्ता करता येत नव्हता. मुंबईचा पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ साली एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडे गेला, असे उदाहरण आपल्याला दिले जाईल. ती देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका आहे. तिची आणि आपली तुलना होऊ शकत नाही.

प्रश्न : आमचे घर याच रस्त्याला लागून आहे. महामार्गाच्या नियमामुळे पुढे बरीच जागा मोकळी सोडावी लागली होती. रस्ता नगरपरिषदेकडे गेल्यावर तिथे बांधकाम करता येईल का?

उत्तर : लगेच करू नका. महामार्गाचा दर्जा गेल्यावर १९५५ च्या अधिनियमाखालील इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांचा अंमल राहत नाही, हे बरोबर. पण शहराच्या मंजूर विकास आराखड्यात त्या रस्त्याची जी रुंदी दाखवली आहे ती कायम राहते आणि समोर किती अंतर सोडायचे हे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ठरते. आधी विकास आराखड्याचा भाग नकाशा काढून पाहा.

प्रश्न : असे रस्ते दारूची दुकाने वाचवण्यासाठीच ताब्यात घेतले जातात, असे आमच्या गावात बोलले जाते. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : एके काळी होते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला आणि ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी ते अंतर २२० मीटर केले. त्या काही महिन्यांत चंदीगडसह अनेक ठिकाणी शहरांतील महामार्गांचे दर्जे घाईघाईने बदलले गेले. पुढे ११ जुलै २०१७ रोजी, नगरपालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना हा आदेश लागू नाही, असे न्यायालयानेच स्पष्ट केले. त्यामुळे आज केवळ त्या कारणासाठी नगरपरिषद हद्दीतला रस्ता अवर्गीकृत करण्याची गरज उरलेली नाही.

आपल्या रस्त्याच्या शासन निर्णयावर २०१७ च्या पूर्वार्धातील तारीख असेल, तर माहितीच्या अधिकारात ताबा पावतीची आणि संयुक्त पाहणी अहवालाची प्रत मागा. त्या घाईत पाहणी झालीच नसण्याची शक्यता मोठी असते. कागदोपत्री रस्ता नगरपरिषदेचा, पण कडेला हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा किलोमीटर दगड अजून उभा आणि देखभालीच्या यादीत मात्र तो रस्ता कोणाच्याच नाही, अशी स्थिती आढळली, तर संयुक्त पाहणी आता तरी करावी, असा अर्ज मुख्याधिकारी आणि कार्यकारी अभियंता या दोघांच्याही नावे एकाच दिवशी देऊन दोघांचीही पोच घ्यावी.