जंगलातल्या साहसकथेत नायकच मेला, तर ती वाचायची कशाला?

तुम्ही विचारलंय की, जीव वाचवायची एवढी धडपड करून नायक मरणारच असेल तर त्या गोष्टीत उरतं काय, आणि समीक्षक तिला 'निसर्गवादी' का म्हणतात.

अमेरिकन लेखक जॅक लंडनची 'टु बिल्ड अ फायर' घ्या. ही कथा त्याने दोनदा लिहिली. १९०२ साली किशोरवयीन वाचकांच्या नियतकालिकात आलेल्या कथेतला टॉम व्हिन्सेंट कशीबशी शेकोटी पेटवतो, वाचतो आणि कडाक्याच्या थंडीत एकट्याने निघू नये हा धडा घेतो. १९०८ च्या कथेतल्या माणसाला नावच नाही. सोबत कुत्रा आहे, तापमान उणे ७५ फॅरनहाइट (साधारण उणे ६० सेल्सिअस), आणि हा माणूस मरतो.

तो कसा मरतो ते बघण्यासारखं आहे. पाय पाण्यात भिजल्यावर तो झाडाखाली शेकोटी पेटवतो, कारण तिथे काटक्या हाताशी असतात. पण काटकी ओढली की झाड जरासं हलतं, आणि शेवटी फांद्यांवरचं सगळं बर्फ जाळावर कोसळतं. मग बोटं बधिर. एक आगकाडी धरता येत नाही म्हणून तो दोन्ही तळहातांच्या मनगटाकडच्या भागांमध्ये सत्तर काड्यांचा अख्खा जुडगा धरून एकदम पेटवतो. स्वतःचं मांस जळल्याचा वास येतो तरी सोडत नाही. कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात घालावेत असंही मनात येतं. पण त्या हातांनी सुरी म्यानातून काढणंही जमत नाही. यात खलनायक कुणीच नाही. थंडी त्याच्यावर चिडलेली नाही, तिला तो आहे हेही ठाऊक नाही.

निसर्गवाद म्हणतात तो हाच. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने १८८० मध्ये मांडलं होतं की, लेखकाने माणसाला परिस्थिती आणि आनुवंशिकतेच्या कचाट्यात ठेवून काय होतं ते प्रयोगासारखं तपासावं. गुणांप्रमाणे फळ देणं हे लेखकाचं काम नाही. अमेरिकन लेखक स्टीफन क्रेनच्या 'द ओपन बोट' या कथेत चौघे छोट्या होडीत अडकतात. जखमी कप्तान वाचतो. इंजिनाला तेल घालणारा, वल्ही मारण्यात सगळ्यांत तगडा असलेला माणूस किनाऱ्याजवळ येऊन बुडतो. १८९७ च्या जानेवारीत फ्लोरिडाजवळ जहाज बुडालं तेव्हा क्रेन स्वतः अशाच होडीत होता, त्यामुळे हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या 'मेला की वाचला' यावर मी फार अडत नाही. वाचला तर कशामुळे, हे बघतो. हिंमत दाखवली म्हणून ऐनवेळी मदत आली, तर ती निव्वळ साहसकथा. काड्या कोरड्या राहिल्या म्हणून वाचला, तर तीही निसर्गवादी असू शकते.

लंडन स्वतः कायम इतका कठोर नव्हता, बरं का. त्याच्या 'व्हाइट फँग' या लांडगा-कुत्र्याच्या कादंबरीचा शेवट मला तरी लाडावलेला वाटतो, आणि त्यातली नायकाची कुत्र्याशी झुंज पटण्यासारखी नाही असं तर १९०७ मध्ये खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जाहीरपणे म्हटलं होतं.

दोन्ही 'फायर' वाचणार असाल तर १९०२ ची आधी वाचा. उलट क्रमाने ती फारच पचपचीत लागते.