विधान भवन मेट्रो स्टेशनवर उतरून मंत्रालयात जाणं वयस्कर माणसाला जमेल का?

तुमचे वडील नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने एकटेच येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, आणि सीएसएमटीवरून मंत्रालयात टॅक्सीने जावं की नव्या मेट्रोने, असं तुम्ही विचारलंय. मेट्रोनेच पाठवा. मी त्या भागातल्याच एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून रोज विधान भवनला उतरतो.

सीएसएमटीला मेट्रोच्या पाट्या बघत खाली जायचं, खिडकीवर ‘विधान भवन’ सांगून तिकीट काढायचं आणि कफ परेडकडे जाणारी गाडी धरायची. हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन. चुकून पुढे गेलेच तर घाबरू नका म्हणावं, पुढचं कफ परेड हे शेवटचंच स्टेशन, तिथून परत उलट यायचं. फलाटाच्या कडेला काचेची दारं आहेत, ती गाडी थांबल्यावरच उघडतात. लोकलची सवय नसलेल्या माणसाला याचा फार धीर वाटतो.

जपायचं ते जिन्यांना. गेल्या महिन्यात एक आजोबा सरकत्या जिन्यासमोर थबकलेले दिसले. पांढरी टोपी, छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबाऱ्याचे कागद. एक पाय पुढे करायचे, पायरी सरकली की मागे घ्यायचे. लोक बाजूने भराभर वर जात होते. मी त्यांना लिफ्टकडे नेलं. फलाटावरून तिकिटाच्या मजल्यापर्यंत एक लिफ्ट आणि तिथून रस्त्यावर यायला दुसरी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही वडिलांना आधीच सांगून ठेवा. आणि बाहेर पडण्याआधी तिथल्या सुरक्षारक्षकाला ‘मंत्रालयाकडचा दरवाजा कुठला?’ एवढं विचारायला सांगा, नाहीतर भलत्याच बाजूला निघून उगाच रस्ता ओलांडावा लागतो.

या भागाला रेल्वे नव्हती असं नाही, हेही सांगतो. पूर्वी आजच्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरची गाडी चर्चगेटच्या पुढे थेट कुलाब्यापर्यंत जायची. बॅकबेचा समुद्र बुजवून भराव घालण्यासाठी ती काढली आणि १९३० च्या डिसेंबरअखेर कुलाबा स्टेशन बंद झालं. पुढे भरावावर मंत्रालय आलं, १९८१ मध्ये विधान भवन आलं, म्हणजे सगळ्या राज्याचं काम जिथे चालतं तिथेच रेल्वे पोचत नव्हती. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरसाठी टॅक्सीवाल्यांना विचारत उन्हात उभा राहायचा. आम्ही चाकरमानी कसेही पोचायचो हो, चर्चगेटहून चालतसुद्धा. हे स्टेशन मला मोलाचं वाटतं ते त्या बाहेरगावच्या माणसासाठी.

आता मंत्रालयाचं. प्रवेशासाठी डिजिप्रवेश ॲपवर घरूनच नोंदणी करून द्या आणि नोंदणीचा तपशील कागदावर छापून त्यांच्या खिशात ठेवा. भुयारात मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरू नका. वडिलांना तुम्हाला फोन करायचा असेल तर तो वर रस्त्यावर आल्यावर. आधार कार्डासारखं मूळ ओळखपत्र सोबत हवंच. सर्वसामान्य अभ्यागतांना आत सोडतात ते दुपारी दोननंतर, म्हणजे पंचवटीने येऊन वेळ पुष्कळ उरतो, सीएसएमटीलाच जेवून निघाले तरी चालेल. अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पोच नसली की पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून.

आणखी एक, कृपा करून निघण्याआधी त्या विभागात फोन करून फाइल नक्की कुठे आहे ते विचारा. बरेच कक्ष समोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहेत. शनिवार-रविवार सुट्टी असते. आणि डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन नागपूरला असलं की मंत्री आणि त्यांच्याबरोबर बरेचसे अधिकारी तिकडे जातात. त्या दिवसांत वडिलांना मुंबईला पाठवूच नका.